शून्य गुणांचे उत्तर : सिगारेट सोडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांतील तलफ, एक प्रकरण अभ्यास

सिगारेट सोडल्याच्या सतराव्या दिवशी, रात्री पावणेआठच्या सुमारास, या प्रकरणातील गृहस्थांचा मला संदेश आला : "दोन झुरके झाले. पाकीट घेतले आहे. उघडलेले नाही." त्या दिवसापर्यंत सारे सुरळीत चालले आहे, अशी त्यांची आणि माझीही समजूत होती. ते त्या पाकिटापर्यंत कसे पोचले आणि माझ्या नियोजनात नेमके काय राहून गेले, हे तपशिलाने नोंदवावे म्हणून हे टिपण लिहीत आहे. तंबाखूमुक्तीच्या समुपदेशनात वारंवार समोर येणाऱ्या गोष्टी एका व्यक्तीच्या रूपात गुंफून प्रकरणाची मांडणी केली आहे. तेव्हा त्यात कोणा एकाची ओळख शोधू नये.

पार्श्वभूमी

गृहस्थांचे वय ४८, व्यवसाय हिशेबतपासणीचा, सिगारेटची सवय २६ वर्षांची आणि प्रमाण रोज सरासरी २२ सिगारेटींचे. एका सिगारेटचे साधारण दहा झुरके धरले तर दिवसाला २२० आणि वर्षाला ८० हजारांवर झुरके होतात. हा हिशेब त्यांनीच पहिल्या भेटीत माझ्यासमोर मांडला आणि आकडा पाहून ते क्षणभर गप्प झाले. यापूर्वी त्यांनी दोनदा सिगारेट सोडून पाहिली होती. एकदा पाच दिवस टिकले, एकदा अकरा. दोन्ही वेळा कोणतेही औषध किंवा मदत न घेता, निव्वळ निश्चयाच्या बळावर. दोन्ही वेळा सिगारेट पुन्हा सुरू झाली त्याचा दोष त्यांनी स्वतःच्या कमकुवत मनाला दिला होता. वस्तुस्थिती अशी आहे की, कोणत्याही मदतीशिवाय सोडणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम तीन ते पाच जण सहा महिने ते वर्षभरानंतर सिगारेटपासून दूर असतात आणि बहुतेकांचे पाऊल पहिल्या आठ-दहा दिवसांतच घसरते. म्हणजे त्यांचे जे झाले ते बहुतेकांचे होते. हे ऐकून त्यांना दिलासा वाटला की नाही, कोण जाणे; पण त्यानंतर ते औषधाविषयी बोलायला तयार झाले, हे खरे.

निकोटिनवरील अवलंबित्व मोजण्यासाठी मी फागरस्ट्रॉम चाचणी वापरली. १९९१ मध्ये सुधारित रूपात आलेल्या या चाचणीत अवघे सहा प्रश्न असतात आणि कमाल गुण दहा. गृहस्थ सकाळी उठल्यापासून पाव तासाच्या आत पहिली सिगारेट पेटवत, त्याचे २ गुण; रोज २१ ते ३० सिगारेटींचे २; मनाई असलेल्या जागी थांबणे जड जाते, त्याचा १; आजारपणात अंथरुणावर असतानाही ओढतात, त्याचा १. बेरीज सहा, म्हणजे अवलंबित्व बऱ्यापैकी तीव्र. उरलेल्या दोन प्रश्नांचे त्यांना शून्य गुण मिळाले. त्यांपैकी एक प्रश्न असा आहे : "कोणती सिगारेट सोडणे तुम्हांला सर्वांत कठीण वाटते?" याचे उत्तर "सकाळची पहिली" असे आले तर १ गुण, दुसरे काहीही आले तर शून्य. गृहस्थ म्हणाले, "काम हातावेगळे झाल्यावरची." मी शून्य लिहिले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो.

नियोजन

डॉक्टरांनी हृदयविकार, रक्तदाब आणि चालू औषधे यांची विचारपूस करून दोन पर्याय समोर ठेवले. पहिला व्हॅरेनिक्लिनचा. ही गोळी मेंदूतील निकोटिनच्या ग्राहकांवर (म्हणजे पेशींवर निकोटिन जिथे चिकटते त्या जागांवर) बसून त्यांना अर्धवट उत्तेजित करते, त्यामुळे तलफही कमी होते आणि चुकून ओढलेल्या सिगारेटची गोडीही घटते. मात्र ती सहसा सोडण्याच्या दिवसाच्या एक आठवडा आधी सुरू करावी लागते. गृहस्थांना आठवडाभर थांबायचे नव्हते. "आज मन तयार आहे, पुढच्या आठवड्याचे कोणी सांगावे," असे त्यांचे म्हणणे पडले. म्हणून दुसरा पर्याय ठरला : त्वचेवर चिकटवायची २१ मिलिग्रॅमची निकोटिनची पट्टी आणि जोडीला ४ मिलिग्रॅमचा निकोटिनचा गम. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागणाऱ्यांना २ ऐवजी ४ मिलिग्रॅमचा गम देतात, हा साधा निकष.

पट्टी असताना गम कशाला, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. हिशेबतपासनिसांनी तो जरा जास्तच चिकाटीने विचारला. एकाच खर्चाची दोनदा नोंद झाल्यासारखे त्यांना वाटत होते. त्याचे उत्तर तलफेच्या स्वरूपात आहे. सिगारेट सुटल्यानंतरची तलफ ही एक गोष्ट नसून दोन आहेत. एक संथ तलफ, जी दिवसभर मागे गुणगुणत राहते : अस्वस्थता, चिडचिड, एकाग्रता न होणे, उगाचच उदास वाटणे. वर्षानुवर्षे निकोटिन मिळत गेल्याने मेंदूत निकोटिनच्या ग्राहकांची संख्या वाढलेली असते, रक्तातील निकोटिन मात्र दर दोन तासांनी निम्म्यावर येते. ते रिकामे राहिलेले ग्राहक ही तलफ उभी करतात. ग्राहकांची संख्या पूर्ववत व्हायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. दुसरी तलफ हिसक्यासारखी येते (हा शब्द गृहस्थांचा, पुढे आम्ही दोघांनी तोच वापरला). एखादी जागा, वास, वेळ किंवा कृती समोर आली की ती उसळते, काही मिनिटे छळते आणि ओसरते. पट्टीतून निकोटिन संथपणे आणि सारखे झिरपते, म्हणून ती पहिल्या तलफेवर चालते, हिसक्यावर फारशी नाही. हिसक्यासाठी हाताशी काहीतरी लागते. नुसत्या पट्टीपेक्षा किंवा नुसत्या गमपेक्षा दोन्ही मिळून अधिक लोकांना यश येते, हे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासांतून दिसलेले आहे.

घरच्या बाबतीत फार करावे लागले नाही. राखदाण्या आणि लायटर बाहेर गेले, गाडी आतून धुतली गेली, आणि "किती दिवस झाले?" असे रोज विचारायचे नाही, एवढे एक वचन पत्नीकडून घेतले. ते त्यांनी पाळले. माझ्या अनुभवात हे वचन फार थोड्या घरांत पाळले जाते.

तलफेची वही

सोडण्याच्या दिवसापासून एक वही ठेवायचे ठरले. रकाने पाच : वेळ, तीव्रता (० ते १०), लगेच आधी काय घडले, काय केले, किती मिनिटे टिकली. मी छापील तक्त्यात "मनःस्थिती" असा रकाना दिला होता. त्यांनी तो खोडून "लगेच आधी काय घडले" असे लिहिले, कारण मनःस्थिती पडताळून पाहता येत नाही आणि घटना येते, असे त्यांचे मत. पुढे हीच दुरुस्ती सर्वांत उपयोगी ठरली.

पहिल्या दिवशी १९ नोंदी झाल्या, दुसऱ्या दिवशी २३. बहुतेकांची तीव्रता ७ च्या वर. निकोटिन सुटल्याची लक्षणे काही तासांतच सुरू होतात, पहिल्या दोन-तीन दिवसांत कळस गाठतात आणि दोन ते चार आठवड्यांत उतरत जातात. वहीतला आलेख याच वळणाने चालला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी फोनवर सांगितले की एक तलफ तासभर टिकली. वहीत मात्र त्याच तलफेपुढे "६ मिनिटे" असे लिहिलेले होते, घड्याळ लावून. दोन्ही खरे होते. सहा मिनिटांच्या हिसक्यांची रांग लागली की मनाला तो सलग एक तास वाटतो. घड्याळाने त्या तासाचे तुकडे केले, आणि तुकडे झाल्यावर त्यातला एकेक सोसण्याजोगा वाटू लागला. तिसऱ्या दिवशी श्वासातील कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे सिगारेटच्या धुरातून शरीरात जाणारा वायू, मोजला, तेव्हा सोडण्याआधीचा २४ पीपीएमचा (दहा लाख भागांत २४ भाग) आकडा ३ वर आला होता. त्यांना तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहावासा वाटला.

गमचे काय चुकत होते

चौथ्या दिवशी गृहस्थांनी गम बंद करायची परवानगी मागितली. उचक्या, घशात जळजळ, मळमळ, आणि एवढे सोसून तलफेवर काडीचा उपयोग नाही. मी त्यांना माझ्यासमोर एक गम खायला सांगितले. त्यांनी तो तोंडात टाकला आणि साधे च्युइंगगम चघळावे तसा भराभर चावायला सुरुवात केली. मिनिटभरात तीन-चार वेळा आवंढा गिळला. निकोटिन तोंडाच्या अस्तरातून रक्तात जायला हवे. गिळलेले निकोटिन पोटात जळजळ करते आणि मेंदूपर्यंत पोचण्याआधीच त्यातला मोठा भाग यकृतात नष्ट होतो. म्हणजे त्रास सगळा पदरात पडत होता, औषध मात्र वाया जात होते.

योग्य पद्धत तिथेच करून घेतली. सावकाश चावायचे, तिखटसर चव किंवा मुंग्या जाणवल्या की थांबून गम गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचा, चव विरली की पुन्हा चार-सहा वेळा चावून जागा बदलायची, असे सुमारे अर्धा तास. गमच्या आधी पंधरा मिनिटे आणि गम तोंडात असताना कॉफी, फळांचा रस किंवा बाटलीबंद पेये घ्यायची नाहीत, कारण तोंडातली आम्लता निकोटिन शोषू देत नाही. गृहस्थ तर प्रत्येक गम कॉफीच्या घोटाबरोबर घेत होते, चव जावी म्हणून. हे सर्व पहिल्याच दिवशी सांगितले होते, कागदही दिला होता. तोंडी सांगणे आणि कागद देणे म्हणजे शिकवणे नव्हे, हे मला दर वेळी नव्याने कळते.

आणखी एक गोष्ट समजावून द्यावी लागली, आणि माझ्या मते ती गमबाबत सर्वांत कमी सांगितली जाते. सिगारेटचा झुरका घेतल्यावर निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचते. गममधून ते रक्तात पुरेसे चढायला वीस ते तीस मिनिटे लागतात. हिसका आल्यानंतर तोंडात टाकलेला गम प्रभावी होईपर्यंत हिसका ओसरलेला असतो. तेव्हा पहिले सहा आठवडे गम दर एक-दोन तासांनी घ्यायचा, आणि एखादा हिसका येणार हे ठाऊक असेल तर त्याच्या वीस मिनिटे आधी. ठाऊक असण्यासाठीच तर वही होती.

कॉफीचा घोळ

पाचव्या-सहाव्या दिवशी वहीत नवीन तक्रारी उमटल्या : हातांना सूक्ष्म कंप, छातीत धडधड, रात्री दोनपर्यंत झोप नाही. गृहस्थांनी त्या तलफेच्या खात्यात टाकल्या होत्या आणि अशा जिवाला सिगारेटच बरी, असा निष्कर्षही काढत आणला होता. चौकशीत कळले की ते दिवसाला सहा कप कॉफी पितात, पूर्वीइतकीच. अडचण नेमकी त्या "पूर्वीइतकीच" मध्ये होती. सिगारेटच्या धुरातील काही घटक यकृतातील सीवायपी१ए२ या विकराचे (एन्झाइमचे) काम वाढवून ठेवतात, आणि कॅफीनचा निचरा करणारा विकर तोच. धूर थांबला की काही दिवसांतच त्याचा वेग उतरतो, कॅफीन अधिक काळ शरीरात राहते, आणि तेवढ्याच कपांतून रक्तातील प्रमाण जवळजवळ दुप्पट होऊ शकते. हा परिणाम धुराचा असतो, निकोटिनचा नव्हे. म्हणून पट्टी लावली तरी तो टळत नाही. कप सहाचे तीन झाले, शेवटचा दुपारी दोनच्या आत, आणि तीन दिवसांत कंप आणि धडधड दोन्ही गेले. (जाता जाता : मानसिक आजारांवरची क्लोझापिन आणि ओलान्झापिन, दम्यावरचे थिओफिलिन ही औषधेही याच वाटेने शरीराबाहेर पडतात. ती घेणाऱ्याने सिगारेट सोडताना डॉक्टरांना आधी सांगणे अत्यावश्यक आहे. मात्रा बदलावी लागू शकते.)

झोपेचा अर्धा प्रश्न तरीही उरला. सिगारेट ओढत असल्याची लख्ख स्वप्ने पडून ते दचकून उठत आणि काही क्षण खरेच अपराधी वाटत राही. रात्री पट्टी काढून ठेवल्यावर स्वप्ने विरळ झाली. त्याची किंमत म्हणून सकाळची तलफ थोडी वाढली, कारण नव्या पट्टीला जोर धरायला काही तास लागतात. त्या मधल्या वेळेसाठी उठल्याबरोबर एक गम. खोकला, तोंडातले फोड आणि बद्धकोष्ठता या तक्रारी आल्या आणि गेल्या.

हिसक्याशी झुंज

हिसक्यासाठी मी सुरुवातीला त्यांना ॲलन मार्लट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या नावाशी जोडलेली "अर्ज सर्फिंग"ची, म्हणजे तलफेच्या लाटेवर स्वार होण्याची, पद्धत शिकवली. तलफेशी भांडायचे नाही, तिला दडपायचेही नाही. डोळे मिटून बसायचे, ती शरीरात कुठे जाणवते ते पाहायचे, लाट चढते कशी आणि उतरते कशी हे तटस्थपणे न्याहाळायचे. पुष्कळांना ही पद्धत मानवते. या गृहस्थांना ती अजिबात मानवली नाही. "डोळे मिटले की सिगारेटच दिसते, तीही पेटलेली," असे त्यांनी वहीत लिहिले आणि त्या प्रयत्नापुढे तीव्रता ६ वरून ८ वर गेल्याची नोंद केली. मी आग्रह धरला नाही.

त्यांच्या तक्रारीतच उपाय दडला होता. तलफ बरीचशी चित्रांवर पोसली जाते : हातातले पाकीट, टोकावरचा निखारा, पहिला झुरका. मनाची चित्रे पाहण्याची जागा दुसऱ्या कशाने व्यापली तर तलफेची धार कमी होते. बेरजा करून पाहण्याची त्यांची स्वतःची कल्पना फसली, कारण २६ वर्षांच्या सरावाने त्यांचे मन बेरजा करता करता दुसरीकडे भटकू शकत होते. मग आम्ही लहानपणी राहिलेल्या घराची खोली डोळ्यांसमोर उभी करून पाहिली : दार कोणत्या बाजूला उघडायचे, खिडकीचे गज किती, कपाटाच्या कोणत्या कप्प्यात काय, भिंतीवरचा खिळा कुठे. तीन खोल्यांच्या घरात ते एका हिसक्यात दीड खोली फिरत. कार्यालयात हे जमत नसेल तेव्हा जिना : दोन मजले खाली, दोन मजले वर, भरभर. थोड्या वेळाच्या चालण्यानेही तलफ चालताना आणि त्यानंतर काही काळ सौम्य होते, आणि जिन्यात सिगारेट ओढायची त्यांना कधीच सवय नव्हती, हा वरचा फायदा.

दुसऱ्या आठवड्याअखेर नोंदी दिवसाला सात-आठवर आल्या. पट्टीवर असताना पहिले दोन आठवडे एकही सिगारेट न ओढणाऱ्यांची पुढची शक्यता कितीतरी चांगली असते, हे मी त्यांना सांगितले. ते खरे आहे; पण तेव्हा सांगायला नको होते, असे आता वाटते. तिसऱ्या आठवड्यात गमची संख्या त्यांनी आपल्या मनाने दहावरून चारवर आणली आणि मी वहीत ती पाहूनही बोललो नाही.

सतरावा दिवस

त्या दिवशी वर्षातला सर्वांत मोठा अहवाल पूर्ण झाला. सव्वासहाला शेवटची सही झाली, साडेसहाला तो पाठवला गेला. सगळे जण खूश होते. इमारतीबाहेर उभे असताना एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी, वीस वर्षांच्या सवयीने, पाकीट पुढे केले आणि गृहस्थांचा हात, तितक्याच जुन्या सवयीने, पुढे गेला. पहिल्या झुरक्याला गरगरले, दुसऱ्याला तोंड कडू झाले आणि तिसऱ्याआधी त्यांनी सिगारेट पायाखाली चिरडली. इथपर्यंतचा प्रसंग किरकोळ म्हणता येईल. खरा धोका त्यानंतरच्या तासाभरात होता. घरी जाताना त्यांनी गाडी थांबवून पाकीट विकत घेतले, आणि का घेतले हे त्यांना नीट सांगता आले नाही; "आता मोडलेच आहे, तर" एवढेच वाक्य डोक्यात फिरत होते, असे ते म्हणाले. या "तर" ला मार्लटने संयमभंगाचा परिणाम म्हटले आहे. घसरलेला माणूस ती चूक प्रसंगाच्या माथी न मारता स्वतःच्या स्वभावाच्या माथी मारतो, आणि मग पुढची सिगारेट त्या निकालाची अंमलबजावणी ठरते.

त्यांच्या संदेशाला मी उत्तर दिले : "पाकीट नळाखाली धरा. पट्टी काढू नका. वहीत नेहमीसारखी नोंद करा. उद्या सकाळी नवी पट्टी." धीराचे शब्द मुद्दाम घातले नाहीत, त्या घडीला माणसाला पुढची कृती हवी असते. पट्टीचे लिहिणे गरजेचे होते, कारण पट्टी असताना झुरका घेतला म्हणजे भयंकर काही होईल या धास्तीने लोक ती उपटून टाकतात आणि रात्री संथ तलफेच्या तावडीत सापडतात. दहा मिनिटांनी मोरीत भिजून फुगलेल्या पाकिटाचे छायाचित्र आले.

दुसऱ्या दिवशी ते वही घेऊन आले. श्वासातील कार्बन मोनॉक्साइड ३ पीपीएमच होता. तो वायू काही तासांतच ओसरत असल्याने आदल्या संध्याकाळच्या दोन झुरक्यांचा मागमूसही यंत्राला लागला नाही. गृहस्थांना मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करायची होती. मी त्यांना सांगितले की संशोधनात वापरले जाणारे रसेल मानकसुद्धा ठरलेल्या काळात पाचपर्यंत सिगारेटी झालेल्या व्यक्तीला, बाकी तपासणी ठीक असेल तर, सिगारेट सोडलेलीच मानते. हा आकडा सांगावा की नाही याचा मी बराच विचार केला, कारण काहींच्या कानी तो सवलतीसारखा पडतो. हिशेबतपासनिसाला सवलत आणि चुकीसाठी सोडलेली जागा यांतला फरक कळेल, या भरवशावर सांगितला.

मग आम्ही वहीतला तिसरा रकाना सलग वाचत गेलो. सतरा दिवसांतल्या ६ च्या वरच्या नोंदी त्यांनी हिरव्या पेनाने खुणावल्या. "विवरण पाठवले." "फोन ठेवला." "बैठक संपली." "गाडी लावली, इंजिन बंद केले." "फाइल कपाटात ठेवली." पहिल्या चार दिवसांनंतर "वाद झाला", "दडपण" अशा नोंदी जेमतेम पाच-सहा होत्या आणि त्यांची तीव्रताही मधलीच. आम्ही सगळी तयारी ताणासाठी केली होती, कारण पहिल्या भेटीत "ताण आला की ओढतो" असे ते म्हणाले होते आणि सगळेच तसे म्हणतात. प्रत्यक्षात त्यांची सिगारेट हा काम संपल्यानंतरचा पूर्णविराम होता. हिसका कामाच्या मध्ये येत नव्हता, दोन कामांच्या सांध्यात येत होता. आणि काम जितके मोठे, तितका तो मोठा. संथ तलफ तिसऱ्या आठवड्यात खरोखरच उतरली होती, म्हणून आम्ही दोघेही निर्धास्त झालो होतो. हिसक्यांची संख्या घटली होती, उंची मात्र तसूभरही कमी झाली नव्हती. मी जुना कागद काढला. तिसऱ्या प्रश्नापुढे, शून्याच्या शेजारी, माझ्याच अक्षरात लिहिलेले होते : "काम हातावेगळे झाल्यावरची."

काय बदलले

पूर्णविराम काढून टाकला तर वाक्य लोंबकळत राहते; त्या जागी दुसरे चिन्ह हवे होते. काय ठेवायचे हे त्यांनीच सुचवले. हिशेबाच्या वहीत खाते बंद करताना बेरजेखाली दुहेरी रेघ मारतात. त्यांनी टेबलावर एक साधी वही आणि फूटपट्टी ठेवली. काम संपले की त्याचे नाव लिहायचे, खाली दोन रेघा ओढायच्या, उठून थंड पाण्याने हात-तोंड धुवायचे आणि मगच पुढचे काम किंवा बाहेरचा रस्ता. सगळे मिळून चार मिनिटे, म्हणजे जवळपास एका हिसक्याएवढी. पहिल्या दोन दिवशी त्यांना हा पोरखेळ वाटला, तसे त्यांनी लिहिलेही आहे.

गम पुन्हा दिवसाला आठवर नेला आणि काम संपण्याच्या अंदाजाने वीस मिनिटे आधी घ्यायचा ठरला. त्याची जागाही बदलली. तोवर गम बॅगेत असे आणि बॅग कपाटात. काम पाठवण्याचे बटण दाबले की त्यांचा डावा हात आपोआप सदऱ्याच्या खिशाकडे जातो, हे पत्नीच्या लक्षात आले होते. मी त्यांना घरी काम करताना पाहिलेले नसल्याने मला ते कळण्याची सोय नव्हती. आता गम त्याच खिशात आला. हात जिथे जायचा तिथे जाऊ लागला आणि तिथे त्याला दुसरे काही सापडू लागले. त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांशी गृहस्थ स्वतः बोलले : "साहेब, मला यापुढे विचारू नका, मी मागितली तरी देऊ नका." साहेबांनी दोन दिवस चेष्टा केली, मग पाकीट दुसऱ्या खिशात ठेवायला लागले.

चौथ्या आठवड्यात दुहेरी रेघेनंतरच्या तलफेची तीव्रता ५-६ होती, सहाव्या आठवड्यात ३-४. सहा आठवड्यांनंतर पट्टी १४ मिलिग्रॅमवर आली, आठव्यानंतर ७ वर, दहाव्यानंतर बंद झाली. दर वेळी मात्रा उतरली की दोन-तीन दिवस चिडचिड परते आणि जाई. आठव्या आठवड्यात वजन अडीच किलोंनी वाढलेले होते. सिगारेट सोडणाऱ्यांचे वजन वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढते, हे आधीच सांगून ठेवले असल्याने त्याचा बाऊ झाला नाही. आहाराची काटेकोर आखणी आम्ही जाणूनबुजून पुढे ढकलली, कारण एका वेळी दोन भुकांशी लढायला सांगणे मला रास्त वाटत नाही.

बाराव्या आठवड्यात वहीत दिवसाला एखादी नोंद असते, काही दिवशी तीही नसते. गम दिवसाला दोन-तीन चालू आहेत आणि ते घाईने सोडवायचे कारण नाही. फागरस्ट्रॉमच्या कागदावर तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी आता गुणांआधी, शब्दशः आणि मोठ्या अक्षरांत लिहून घेतो, आणि "त्या सिगारेटच्या लगेच आधी काय घडलेले असते?" असा एक जादा प्रश्न विचारतो, ज्याला गुण नाहीत.

दुहेरी रेघेची खरी परीक्षा अजून झालेली नाही. सतराव्या दिवसाएवढे मोठे काम त्यानंतर एकदाही संपलेले नाही. ते पुढच्या वार्षिक अहवालाच्या वेळी संपेल. त्या तारखेची नोंद आम्ही दोघांनी आपापल्या दैनंदिनीत करून ठेवली आहे : सव्वासहाच्या सहीआधी, सहाला पाच मिनिटे असताना गम, साडेसहाला रेघ, आणि पावणेसातला, ते इमारतीबाहेर पडण्याच्या आधी, माझा फोन.